कोनं अडवलं तुमाले?

मंडळी, मोठी वस्तू घ्यायची म्हटली की आपण दहा दुकानं फिरतो. किंमत विचारतो, गॅरंटी विचारतो, शेजाऱ्यानं कोणती घेतली तेही विचारतो. ती घरात ठेवायची कुठं, हे मात्र खोकं दारात उतरल्यावर आठवतं! मग कोणी म्हणतं कपाट सरकवा, कोणी म्हणतं पलंग हलवा. घरातली बाई झाडू घेऊन मुकाट्यानं उभी राहते, कारण जागा कोणाचीही जावो, झाडायची तिलाच असते.

मंगरूळपीरजवळच्या एका गावात मारोतरावांच्या घरी दिवाळीच्या तोंडावर असंच झालं. त्यांचा मुलगा विकास पंचायत समितीत लिपिक. त्यानं पंचावन्न इंची टीव्ही आणला. सगळ्या आळीत एवढा टीव्ही कोणाकडे नव्हता, आणि विकासला त्याचा अभिमान होता, नाही असं नाही. पण त्यानं तो मिरवायला आणला नव्हता. त्यानं तो आईसाठी आणला होता.

त्याची आई, कस्तुराबाई. त्यांना साखरेचा आजार जुना. पावसाळ्यात डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले, तेव्हा विकास त्यांना अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळच सांगितलं, "डोळ्याचा मागचा पडदा खराब होत चाललाय. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती इंजेक्शनानं टिकवायची. किती टिकेल, ते मी आज सांगू शकत नाही." बाहेर आल्यावर कस्तुराबाईंनी एकच विचारलं, "मंग मले मालिका दिसन न रे?"

घरात जुना लहान टीव्ही होता, माजघरात, लोखंडी कपाटावर. पुरुष मंडळी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. त्यामुळे तो आपोआप बायकांचा झाला होता. शेंगा सोलता सोलता, गहू निवडता निवडता कस्तुराबाई आणि त्यांची सून निकिता त्यावर मालिका बघायच्या. अलीकडे मात्र कस्तुराबाई नाक काचेला लागेल इतक्या जवळ जाऊन बसायच्या. ते बघून विकासनं ठरवलं की आईला बारीक दिसत नाही तर मोठं आणू. जुना टीव्ही दुकानदाराला बदल्यात दिला आणि नवा घेऊन आला.

आता आली ना पंचाईत! माजघरात एका भिंतीला देव्हारा, दुसरीला खिडकी, तिसरीला दार आणि चौथीला कपाट. टीव्ही मावणार कुठं? बैठकीतलीच भिंत तेवढी मोकळी होती. "मंग लावा न बैठकीत," मारोतराव म्हणाले. "शोभा बी येईन घराले." लावणारा मेकॅनिक म्हणाला, भिंत पातळ आहे, वजन पेलायचं तर बोल्ट आरपार घालावे लागतील. त्यानं भोकं पाडली, बोल्ट घातले, आणि पलीकडे स्वयंपाकघरात ते बोटभर बाहेर आले. तिथली मिठा-मसाल्याची फळी काढावी लागली.

कस्तुराबाई त्या बोल्टांकडे बघून हसल्या. "पाह्य वं निकिता, टीव्ही तिकडं आन बोल्ट इकडं!"

सगळे हसले. विकासही हसला. हसण्यात किती गोष्टी वाहून जातात, मंडळी!

पूजेला नारळ फुटला. कस्तुराबाईंनी टीव्हीला हळद-कुंकू लावलं, बंद असलेल्या त्या काळ्या काचेत स्वतःला पाहिलं आणि पदर सारखा केला. मग विकासनं टीव्ही चालू केला तेव्हा आठ-दहा माणसं जमली होती, म्हणून मारोतरावांनी आवाज दिला, "चहा ठेवा वं!" कस्तुराबाई चहा ठेवायला आत गेल्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

आता बैठक म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. रस्त्याकडे उघडं दार, आत दिवाण, चार खुर्च्या, खाली सतरंजी. मारोतरावांनी शेत दोन वर्षांपासून बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याला कसायला दिलेलं, त्यामुळे ते दिवसभर त्या दिवाणावरच. दुपारी बाजारभाव, मग बातम्या, संध्याकाळी कबड्डी नाहीतर क्रिकेट. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण आत डोकावणार आणि टेकणार. मारोतरावांचे मित्र रामधन तर जेवणापुरतेच घरी जात. बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दाराला एक फुलाफुलांचा पडदा होता. बायका त्या पडद्याच्या अलीकडे, पुरुष पलीकडे. असा काही नियम होता का? छे! कोणी कधी तसं बोललं नव्हतं. पण सासरा दिवाणावर लवंडलेला असताना सून समोर खुर्ची ओढून बसत नाही, आणि चार परकी माणसं असताना घरधनीण त्यांच्यात जाऊन मालिका लावा म्हणत नाही. आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही.

विकास संध्याकाळी मोटारसायकलीवरून घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि बैठकीत बसायचा. आई संध्याकाळी चुलीपाशी असते, हे तो लहानपणापासून बघत आला होता. त्यात त्याला खटकण्यासारखं काय असणार? जेवताना मात्र तो आठवणीनं विचारायचा, "आई, कसा हाय टीव्ही?"

"लय गोड आवाज हाय," कस्तुराबाई म्हणायच्या.

"आवडला न तुले?"

"आवाज त असा येते जसं मानूस बाजूले बसून बोलून राह्यला!"

एकदाच निकितानं विषय काढला होता. खोलीत कपड्यांच्या घड्या घालता घालता ती सासूबद्दल म्हणाली, "अजी, आत्याबाईसाठी आनला न टीव्ही? मंग त्यायले पाहाले त भेटत नाई."

"काऊन? कोनं अडवलं तुमाले?" विकास म्हणाला. "या न, बसा न! घर तुमचंच हाय."

निकितानं घडी पुरी केली आणि कपाटात ठेवली. या वाक्यापुढे कोणती बाई काय बोलणार? विकासला वाटलं, आपण किती मोकळ्या मनाचे! आणि त्याच मोकळ्या मनानं तो शांत झोपला.

दिवाळी गेली, तूर पिकली, संक्रांत आली. आई रोज आवाजाचं कौतुक करते हे बघून विकासच्या मनात आणखी एक चांगला विचार आला. चांगल्या माणसांच्या चांगल्या विचारांची मला कधी कधी फार भीती वाटते. त्यानं वाशीमहून एक साउंडबार आणला, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर. आवाज आणखी गोड!

त्याच दिवशी त्याची मावशी केनवडहून आली होती. लिलाबाई, कस्तुराबाईंची थोरली बहीण. यष्टीनं आल्या, पिशवीत तुरीचे ओले सोले, म्हणजे शेंगांतले हिरवे दाणे, आणि तिळाचे लाडू. बहिणीच्या डोळ्यांचं कळल्यापासून त्यांचा जीव कशात लागत नव्हता. तोंडानं फटकळ, पण घरात कोणाचं दुखलंखुपलं की रात्रंदिवस उशाशी बसणारी बाई. दोघी बहिणी स्वयंपाकघरात सोले-वांग्याची भाजी करत बसल्या होत्या. विकास मागच्या दारानं खोकं घेऊन आत आला.

"मावशी, पाह्य, आईसाठी काय आनलं! आईले टीव्हीचा आवाज लय आवडते."

"आवाज आवडते?" लिलाबाईंनी वांगं चिरता चिरता मान वर केली. "आन चित्र?"

"चित्र त मोठंच हाय. पंचावन्न इंची!"

भिंतीपलीकडे बातम्या लागल्या होत्या. बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज स्वयंपाकघरात घुमत होता. लिलाबाईंनी सहज विचारलं, "कस्तुरे, हे बातम्या सांगनारी बाई कशी दिसते वं?"

"जाडजूड असन," कस्तुराबाई म्हणाल्या. "पन्नाशीची असन. आवाज कसा भारी हाय!"

विळी थांबली. "असन म्हंजे? दिसते का असन?"

भाजीत मीठ घातलं की नाही हे आठवत असल्यासारख्या कस्तुराबाई पातेल्याकडे बघत राहिल्या.

"कस्तुरे, मी काय इचारलं?"

"आक्का, तठी मानसं ऱ्हायतात वं," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "मी अठूनच आइकतो. समजते न मले सारं. कोन जितलं, कोन हारलं, आवाजावरून समजते."

विकासच्या हातात साउंडबारचं खोकं तसंच राहिलं. आईनं तो टीव्ही पाहिलाच नव्हता? दिवाळीपासून एकदाही नाही? ज्या डोळ्यांसाठी टीव्ही आणला, ते डोळे रोज या भिंतीकडे बघत भाजी फोडणीला घालत होते! त्याचे कान लाल झाले. आणि लाज वाटली की माणूस जे करतो तेच त्यानं केलं. तो चिडला.

"पन मावशी, कोनं अडवलं तिले? मी त निकितालेबी सांगतलं, या, बसा म्हनून!"

"व्हय रे बाप्पा, कोनीच अडवलं नाई," लिलाबाई म्हणाल्या. "अडवलं असतं न, त बरं झालं असतं. अडवनाऱ्यासंग भांडता येते. आमच्या बापानं मले शाळेत जाऊ देल्लं नाई. मी भांडलो, रडलो, उपाशी ऱ्हायलो, आन चवथीपर्यंत गेलो. ज्यानं अडवलंच नाई त्याच्यासंग कसं भांडावं? तो म्हनते, दार त उघडं हाय! दार उघडं हाय रे, पन बसाले जागा कोठी हाय? दिवानावर तुये बाबा, खुर्चीवर तो रामधन, सतरंजीवर अर्धं गाव. तुयी माय काय त्यायच्या डोक्यावर बसन?"

"मंग तिनं सांगाले पायजे होतं मले."

"सांगतलं न तिनं! रोज सांगतलं. तू इचारलं, टीव्ही कसा हाय. तिनं सांगतलं, आवाज गोड हाय. ज्याले दिसते तो आधी चित्राचं बोलते, विकास. तुले आइकू आलं नाई."

घरात राग काढायला कोणी नव्हतं, कारण चूक करणारा विकासच होता. "मी आत्ताच बाबाले सांगतो," तो कसाबसा म्हणाला.

"तू सांगून काय होईन? ते बी हेच म्हनतीन, कोनं अडवलं!" लिलाबाईंनी हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला. "थांब. मी दाखवतो तुमाले दोघालेबी."

"नको वं आक्का!" कस्तुराबाई घाबरल्या. "तुमी तठी कशा जासान? ते काय म्हनतीन!"

त्यांच्या घाबरण्याला कारण होतं. लिलाबाई म्हणजे बायकोची थोरली बहीण, मारोतरावांची आकडसासू. आपल्या वऱ्हाडात आकडसासूचा मान सासूपेक्षा कमी नाही. जावई तिच्यासमोर पाय पसरत नाही, तिच्या बरोबरीनं खुर्चीवर बसत नाही. ती आली की तो उठतो, नाहीतर तो दिसला की ती आत जाते. मारोतरावांच्या लग्नापासून लिलाबाई या घरी येत होत्या, आणि इतक्या वर्षांत आत जायचं काम त्यांनीच केलं होतं. आज त्यांनी पडदा बाजूला केला आणि ताठ मानेनं बैठकीत जाऊन भिंतीशी मोकळ्या असलेल्या खुर्चीवर बसल्या.

मारोतराव दिवाणावर उशीला टेकून होते. बातम्या संपून कबड्डी लागली होती. शेवटची मिनिटं. दोन्ही संघ बरोबरीत. समोर आकडसासू बसलेली दिसली आणि विजेचा झटका बसावा तसे ते उठून उभे राहिले. खांद्यावरचा दुपट्टा खाली पडला. तो उचलू की टोपी शोधू, त्यांना समजेना.

"आक्का! तुमी... तुमी इकडं?"

"व्हय. म्हन्लं, टीव्ही पाहावं." लिलाबाई टीव्हीकडे बघत म्हणाल्या. "बसा न जवाईबुवा."

"नाई, नाई. बसा तुमी."

"अजी, बसा न! दिवान केवढा हाय. कोनं अडवलं तुमाले?"

मारोतराव काही बसले नाहीत. कसे बसतील? गुडघेच वाकेनात. कोणी अडवलं नव्हतं, दिवाण रिकामा होता, घर त्यांचं होतं, टीव्ही त्यांच्या मुलाचा होता, आणि तरी त्यांना स्वतःच्या बैठकीत बसता येईना! मारोतराव उभे म्हणून रामधनही उभे राहिले. मग सतरंजीवरचे उठले. "येतो मंग, मारोतराव," असं पुटपुटत एकेक जण चपला शोधू लागला. बाहेर हिवाळ्याची बोचरी हवा होती आणि मारोतरावांच्या अंगात नुसती बंडी. ते पडद्याआडून स्वयंपाकघरात गेले.

तिथं आणखी गोंधळ. सासरा स्वयंपाकघरात आलेला निकितानं लग्नानंतर कधी पाहिला नव्हता. तिनं पटकन पाट मांडला आणि ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. मारोतराव पाटावर बसले. भिंतीपलीकडून प्रेक्षकांचा गलका आला. शिट्टी वाजली. कोणीतरी ओरडलं.

"काय झालं रे?" मारोतराव बसल्या जागेवरून ओरडले. "कोन जितलं?"

"तुमीच सांगा न," पलीकडून लिलाबाईंचा आवाज आला. "आवाज त साफ येऊन राह्यला असन?"

"अहो, नुसत्या आवाजानं काय समजते? दिसल्याबिगर कसं..."

आणि ते थांबले.

काय बोललो आपण! त्यांच्याच तोंडून ते निघालं होतं. समोर चुलीपाशी कस्तुराबाई उभ्या होत्या, हातात डाव, नजर खाली. मारोतराव बायकोकडे बघत राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते हो. बायकोवर कधी हात उगारला नाही, तिच्या औषधाला कधी नाही म्हटलं नाही. तिची नजर जात चालली आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं दुःखही होतं. फक्त आपण जिथं लवंडतो ती तिची जागा आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

"तू... रोज अठूनच आइकतं का वं?" त्यांनी विचारलं.

कस्तुराबाईंनी मान डोलावली.

"आन मले सांगतलं नाई?"

"तुमाले मजा येऊन राह्यली होती न," त्या म्हणाल्या. यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते मारोतरावांना जास्त लागलं.

विकासनं आईचा हात धरला. "चाल आई. बस तठी."

"तुये बाबा पाटावर बसले हायत अठी, आन मी तठी खुर्चीवर बसू? बरं दिसते का?"

"जाय वं," मारोतराव म्हणाले. "जाय म्हन्लं न. मी अठीच हाय. पाह्य जाऊन, आन कोन जितलं ते मले सांग."

कस्तुराबाई बैठकीत आल्या. खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या, कोणी उठ म्हणायच्या आत उठता यावं अशा. विकासची मुलगी संस्कृती शिकवणीहून आली होती. तिनं आजीच्या मांडीवर हात ठेवला आणि मावशीआजीच्या सांगण्यावरून बातम्या लावल्या. तीच बाई, तोच भारी आवाज. कस्तुराबाईंनी डोळे बारीक केले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, जिथून दिसेल ती जागा शोधली.

"मा माय वं!" त्या एकदम ओरडल्या. "हे त पोरगी हाय! काडीवानी बारीक! आन मी म्हन्लं जाडजूड!"

लिलाबाई हसल्या, संस्कृती हसली, स्वयंपाकघरातून मारोतरावांच्या हसण्याचाही आवाज आला. विकासला हसू आलं नाही.

"साफ दिसते का आई?"

"दिसते. मधात मधात दिसते. बाकी धुई पडल्यावानी हाय." त्याचा चेहरा त्यांना कितपत दिसला कोणास ठाऊक, पण त्या लगेच म्हणाल्या, "लय साफ दिसते रे! तू कायले तोंड पाडतं?"

दिवाळीत हे धुकं नव्हतं. नुसते ठिपके होते. विकासला ते माहीत होतं. मधले सगळे दिवस तो या बैठकीत बसून, पाय लांब करून, आईच्या वाट्याचं आपणच पाहून घेत होता. तो मागच्या अंगणात गेला, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभा राहिला. साउंडबार दुसऱ्या दिवशी दुकानदाराला परत केला.

त्यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं असं मी सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, आणि बरोबर म्हणाल. रामधन दुसऱ्या दिवशी दारात आले, वहिनी समोर खुर्चीवर बसलेल्या पाहून घुटमळले आणि "मंग येतो" म्हणून परत फिरले. चौकात कोणी म्हणालं, मारोतरावाच्या घरी आता बायकांचं राज्य आलं. निकिता तर आठवडाभर पडद्याच्या पुढे आलीच नाही. या म्हटल्यानं ती येत नव्हती. शेवटी मारोतरावांना उमगलं, की आपण जागचे हललो नाही तर ती येणार नाही. मालिकेची वेळ झाली की ते दुपट्टा उचलत, "बाई, मी जरा रामधनकडं जाऊन येतो" असं मोठ्यानं म्हणत आणि खरोखर जात. त्यांचं पाऊल पायरीखाली पडलं की निकिता सासूशेजारी येऊन बसे. त्या वेळचा चहा विकास ठेवू लागला. पहिल्या दिवशी साखर विसरला, आणि कस्तुराबाई म्हणाल्या, हेच माझं औषध.

होळीच्या सुमारास विकास त्यांना पुन्हा इंजेक्शनासाठी अकोल्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची आशा सोडा म्हणून सांगितलं. डावा थोडा आहे. दोष टीव्हीचा नाही, आजाराचा, हेही त्यांनी समजावलं. परतीच्या वाटेवर विकास म्हणाला, "आई, मी तुयी दिवाळी ते संक्रांत वाया घालवली." कस्तुराबाई म्हणाल्या, "जाऊ दे रे." पण तसं काही नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. आणि खरं तेच होतं. डोळ्याच्या बाबतीत माफी मिळते, दिवस परत मिळत नाहीत!

आता कस्तुराबाईंना पडद्यावर माणूस आहे एवढं दिसतं, रंग दिसतो, तोंड दिसत नाही. म्हणून निकिताला काम असलं की मारोतराव बायकोशेजारी दुसरी खुर्ची घेऊन बसतात आणि तिला सांगतात. सांगायची त्यांना सवय नाही. त्या त्यांना पावलोपावली टोकतात.

"आता कोन आली हे?"

"सून."

"कोनती? मोठी का लहान?"

"मले काय माहीत! हिरव्या लुगड्याची हाय."

"अजी, तोंड पाहा न तिचं. हासून राह्यली का रडून राह्यली?"

मारोतराव पुढे वाकतात. चष्मा वर करतात. सगळ्या जन्मात त्यांनी घरातल्या कोणा सुनेच्या तोंडाकडे इतकं निरखून पाहिलं नसेल.

"रडून राह्यली," ते म्हणतात.

"काऊन? कोनी काई म्हन्लं का तिले?"

"नाई वं. कोनीच काई म्हन्लं नाई." मारोतराव बोलता बोलता थांबतात आणि आत स्वयंपाकघराकडे बघतात. मग हाक मारतात, "निकिता! बाई, काम ऱ्हाऊ दे. ये, बस अठी. मी उठतो."

मंडळी, आपण आपल्या घरात कोणाला मारत नाही, कोंडत नाही, अडवत नाही, आणि तेवढ्यावर स्वतःला चांगलं म्हणून घेतो. पण घरातली सगळ्यात चांगली जागा आपण अडवून बसायचं आणि वर विचारायचं, कोणी अडवलं तुम्हाला, ही आपली जुनी लबाडी आहे. ती मुद्दाम केलेली नसेल, म्हणून ती कमी होत नाही. "या, बसा" म्हणायला जीभ लागते. जागा द्यायला स्वतःला उठावं लागतं. तेव्हा आज संध्याकाळी घरी गेलात की आपल्या नेहमीच्या जागेवर बसू नका. ज्यांच्यासाठी आपण सगळं आणतो असं म्हणतो, त्या जिथं उभ्या असतात तिथं थोडा वेळ उभे राहा, आणि तिथून काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्यांचे डोळे आहेत तोवर बघा.